दडपणाखाली स्थिर राहणे शिकवता येते का?

अबोली

मी सोलापुरातील एका रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांना कॅज्युअल्टीचे काम शिकवते. पुणे-हैदराबाद महामार्गावरचे अपघात, एप्रिल-मेमध्ये उष्माघाताने बेशुद्ध होऊन येणारे शेतमजूर आणि वारीच्या दिवसांत अचानक वाढणारी गर्दी यांमुळे नवख्या मुलींना शांतपणे शिकायला फारसा वेळ मिळत नाही. वर्गात उत्तम गुण मिळवलेली मुलगी रुग्णाचे हृदय खरोखर बंद पडण्याच्या पहिल्या प्रसंगी जागच्या जागी थिजते, तर लेखी परीक्षेत जेमतेम उत्तीर्ण झालेली दुसरी नेमकी योग्य ट्रे घेऊन पुढे येते, असे अनेकदा घडते.

यावरून आमच्याकडे असे मत तयार झाले आहे की, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग आहे, म्हणून घाबरट मुलींना कॅज्युअल्टीत पाठवूच नये. दुसरीकडे वर्षातून एकदा मनोबलावर व्याख्यान ठेवले जाते, ते सर्व जण सभागृहात बसून ऐकतात आणि पुन्हा आपापल्या पाळीवर जातात. मला या दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. स्थिरपणा कमावता येतो असे माझे ठाम मत आहे, पण तो नेमका कशाने कमावला जातो, हे दडपणाच्या इतर व्यवसायांतील लोकांकडून समजून घ्यायचे आहे. आपल्या कामात कोणत्या प्रशिक्षणाचा प्रत्यक्ष प्रसंगी उपयोग झाला आणि कोणते केवळ हजेरीपुरते राहिले, हे कृपया सविस्तर लिहावे.

दोन_पिवळे

अबोलीताई, मी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात लोको पायलट आहे. आमच्याकडे धीर देणारी भाषणे फार होत नाहीत, पण एक सवय पहिल्या दिवसापासून अंगी बाणवली जाते आणि ती म्हणजे सिग्नल पुकारण्याची. समोर सिग्नल दिसला की सहायक त्या दिशेने हात करून त्याचे नाव आणि रंग मोठ्याने उच्चारतो, लोको पायलट स्वतः पाहून तेच शब्द परत म्हणतो आणि मगच पुढची कृती होते. रात्री अडीच वाजता, गाडीत दोघेच असताना, आजूबाजूला सगळा अंधार असताना हे करावे लागते. बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटेल. परंतु डोळा, हात, तोंड आणि कान असे चारही एका सिग्नलला जुंपले गेले की मन दुसरीकडे भरकटायला जागा उरत नाही. जपानी रेल्वेत ही पद्धत फार जुनी आहे आणि तिथे 1994 मध्ये झालेल्या चाचणीत साध्या कामातील चुका तिच्यामुळे सुमारे 85 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या.

एक इशाराही देतो. इंजिनात चालक सावध आहे की नाही हे तपासणारे यंत्र असते. साधारण मिनिटभर कोणतीही हालचाल झाली नाही तर आधी दिवा लुकलुकतो, नंतर बझर वाजतो आणि तरीही प्रतिसाद मिळाला नाही तर आपोआप ब्रेक लागतो. यंत्र उपयुक्त आहे यात शंका नाही, पण ते बटण दाबण्याची हाताला इतकी सवय होऊ शकते की अर्धवट झोपेतही हात आपले काम करून मोकळा होतो. पुकारण्याचेही तसेच आहे. सहायकाने ‘हिरवा’ म्हटले आणि लोको पायलटने न बघताच ‘हिरवा’ म्हटले, तर ती सवय नसण्यापेक्षा वाईट, कारण दोघांनाही खोटी खात्री वाटते. म्हणून आमचे चांगले निरीक्षक सोबत प्रवास करताना शब्द ऐकत नाहीत, मान वळली का ते पाहतात.

केगाव

मी पोलीस दलातून निवृत्त झालो आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात लाखोंच्या गर्दीसमोर उभे राहण्याचे प्रशिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही. आमच्या वेळी उन्हातान्हात कवायत, अपुरी झोप, वरिष्ठांचा कडक आवाज हे सगळे असे आणि त्यातून माणूस घडत असे. ज्याला ते सोसत नसे तो आपणहून बाजूला होई. आजच्या मुलांना प्रत्येक गोष्ट हळुवारपणे शिकवण्याचा आग्रह धरला जातो, पण रस्त्यावरचा जमाव हळुवार नसतो. स्वभावाचा भाग असतोच, ताई, आणि तो निवड करतानाच पाहिला पाहिजे. सगळ्यांना सगळे शिकवता येते असे मानणे हा त्या माणसावर आणि त्याच्या सहकाऱ्यांवर अन्याय आहे.

सातरस्ता

केगावकाका, एक साधा प्रश्न विचारतो. जे बाजूला झाले त्यांना स्वभावाने झेपत नव्हते की त्यांना शिकवणारा माणूस मिळाला नव्हता, हे त्या वेळी कसे ठरवले जात होते?

रात्रपाळी

मी शासकीय महाविद्यालयातून पदव्युत्तर शिक्षण घेणारी रेसिडेंट डॉक्टर आहे. काकांच्या कवायतीबद्दल आदर आहे, पण अपुऱ्या झोपेला प्रशिक्षण म्हणणे मला अजिबात मान्य नाही.

1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, सलग 17 तास जागे असलेल्या माणसाचे हात आणि डोळे यांचे एकत्र काम रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतके खालावते आणि 24 तासांनंतर ते 0.10 टक्क्यांच्या पातळीला जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवण्यासाठी मद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. याचा अर्थ असा की, ज्या अवस्थेत मला होटगी रस्त्यावरून स्कूटर चालवायला कायदा परवानगी देणार नाही, त्याहून वाईट अवस्थेत मी सकाळी मुलाच्या वजनानुसार औषधाची मात्रा काढत असते. अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत 2004 मध्ये झालेल्या अभ्यासात, 24 तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्न डॉक्टरांकडून गंभीर चुका सुमारे 36 टक्क्यांनी अधिक झाल्या होत्या. आपल्याकडे केंद्र सरकारने 1992 मध्येच रेसिडेंटची सलग ड्यूटी साधारणपणे 12 तासांहून जास्त नसावी असे सांगितले आहे. तो कागद आहे, पाळी मात्र तशीच चालू आहे.

थकलेल्या माणसाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपण किती थकलो आहोत याचा अंदाजही त्याला नीट येत नाही. त्यामुळे ‘जमत नसेल तर सांग’ हे वाक्य माणुसकीचे असले तरी व्यवस्था म्हणून निरुपयोगी आहे.

होटगी_नाका

रात्रपाळी, तुमचे म्हणणे पटते, तरीही एक आठवण करून द्यावीशी वाटते. आपण ज्या शहरात राहतो तिथेच 1910 मध्ये डॉ. द्वारकानाथ कोटणीस जन्मले. 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि 1940 मधील एका लढाईच्या वेळी त्यांनी 72 तास न झोपता शस्त्रक्रिया करून 800 हून अधिक जखमींवर उपचार केले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. प्रत्येकाने तासांचा हिशेब मांडला असता तर ते जखमी वाचले असते का? माणसाच्या ठायी काही विलक्षण असते आणि ते संकटातच प्रकट होते, यावर माझा विश्वास आहे.

रात्रपाळी

होटगी_नाका, कोटणीसांचे नाव सोलापुरातील कोणत्याही डॉक्टरपुढे घेतले की त्याची मान आदराने लवते, माझीही लवते. पण 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले, हेही त्याच चरित्रात आहे. ते आजारी असतानाही काम करत होते. त्या रणभूमीवर त्यांच्या जागी उभा राहील असा दुसरा शल्यविशारद नव्हता, म्हणून ते 72 तास हा नाइलाज होता. आमच्या विभागात पाळी लावणारा माणूस दर महिन्याला टेबलाशी बसून, पंख्याखाली, 36 तासांची ड्यूटी आखतो. एका माणसाने युद्धात दिलेले बलिदान दुसऱ्या माणसाच्या वेळापत्रकाचे समर्थन म्हणून वापरले जाते, तेव्हा मला कोटणीसांसाठी वाईट वाटते.

मनोगती

मी समुपदेशक आहे. या चर्चेत दोन प्रश्न एकत्र मिसळले आहेत, ते वेगळे करून पाहू.

पहिला प्रश्न दडपणाचा. थोडे दडपण हितकर आणि फार दडपण घातक, हे सांगणारी घंटेच्या आकाराची आकृती प्रत्येक व्याख्यानात दाखवली जाते. तिचे मूळ यर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात आहे आणि मूळ निष्कर्ष त्या आकृतीपेक्षा अधिक उपयोगी आहे. फरक ओळखण्याचे काम सोपे होते तेव्हा विजेचा झटका जितका तीव्र तितके उंदीर लवकर शिकले. काम अवघड होते तेव्हा मात्र मध्यम झटक्यापलीकडे शिकणे मंदावले. ताईंच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मला यातच दिसते. दडपण आपल्या हातात नसते, पण काम अवघड राहू द्यायचे की सरावाने सोपे करून ठेवायचे, हे आपल्या हातात असते. जी मुलगी थिजली तिच्यासाठी त्या क्षणी ट्रे कुठे आहे, कोणाला विचारायचे, आपण मध्ये पडलो तर रागावतील का, असे सगळेच प्रश्न नवे होते. दुसरीने कदाचित घरी किंवा आधीच्या नोकरीत तसा प्रसंग पाहिला असेल. बाहेरून आपल्याला तो स्वभाव वाटतो.

दुसरा प्रश्न प्रसंगानंतरचा. वाईट घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून एकदाच भावना मोकळ्या करायला लावायच्या, ही पद्धत काही काळ फार लोकप्रिय होती. या विषयावरील अभ्यासांचा 2002 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा, अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत नाही, उलट काहींना त्रास होऊ शकतो, असे दिसले. म्हणून कृपया कोणालाही बोलायला भाग पाडू नका. मात्र काय घडले, काय ठीक झाले आणि पुढच्या वेळी काय बदलायचे, ही कामापुरती चर्चा वेगळी आहे आणि तिने पुढची कामगिरी सुधारते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

नोझल

अग्निशामक दलातून लिहितो आहे. मनोगतींनी लिहिले ते आमच्या कामात रोज दिसते.

बी.ए. सेट म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि तोंडावरचा मास्क. तो घालणे वर्गात सोपे आहे. मग मास्कच्या काचेवर काळा कागद चिकटवतात आणि सामानाने भरलेल्या खोलीत गुडघ्यांवर सोडतात. एक हात भिंतीवरून सोडायचा नाही, दुसऱ्या हाताची मागची बाजू पुढे करून चाचपडत जायचे, कारण तळहाताला विजेची तार लागली तर मूठ तिच्यावरच आवळली जाते. पहिल्या वेळी प्रत्येक जण भराभर श्वास घेतो आणि त्याचा सिलिंडर सोबत्याच्या आधी संपत येतो. कमी हवेची शिट्टी वाजली की तो आणखी घाबरतो. पाचव्या-सहाव्या सरावानंतर त्याच माणसाची हवा जास्त वेळ पुरू लागते. सिलिंडर तोच, खोली तीच, फरक श्वासाचा. मला कोणी विचारले की धीर मोजता येतो का, तर मी दाबमापकाकडे बोट दाखवीन.

मे 2025 मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जीव गेले, हे सोलापुरात कोणी विसरलेले नाही. सूत आणि तंतू यांची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि गठ्ठ्याच्या आत धुमसत राहते. अशा ठिकाणी तासन्‌तास काम चालते, बाहेरचे तापमान चाळिशीच्या पुढे असते आणि अंगावरच्या जाड पोशाखातून घाम वाळत नाही. शरीरातले पाणी कमी झाले की आधी निर्णय ढासळतो, ताकद नंतर. त्यामुळे जवानांना ठरावीक वेळाने बाहेर काढून सावलीत बसवणे आणि पाणी पाजणे हा लाड नाही, ते आग विझवण्याच्याच कामाचा भाग आहे. काम सोडून बाहेर यायला जवान स्वतः कधीच तयार होत नाही. त्याला नावाने हाक मारून बाहेर काढणारा अधिकारी लागतो.

जकार्ड

नोझल, मी एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्याकडे अग्निशामक उपकरणे भिंतीवर आहेत, पण कामगारांपैकी किती जणांनी ती हातात धरली आहेत हा खरा प्रश्न आहे. तुम्ही लिहिलेल्या सरावाचा साधा भाग, म्हणजे दिवे बंद करून भिंतीच्या आधाराने दारापर्यंत पोहोचणे, कामगारांकडून करून घेता येईल का?

नोझल

जरूर घ्यावा. दोन गोष्टी सांभाळा. यंत्रे बंद असताना आणि मार्ग मोकळे असतानाच घ्या, आणि रात्रपाळीच्या कामगारांना वगळू नका. जे कामगार आवारातच राहतात त्यांच्या घरच्यांनाही सामील करा. अंधारात दाराला कडी किंवा कुलूप सापडले, तर तिथेच सराव थांबवून आधी ते दार मोकळे करा.

धावपट्टी

मूळचा सोलापूरचा, सध्या विमान देखभालीच्या क्षेत्रात पुण्यात आहे. वर सातरस्ता यांनी विचारलेल्या प्रश्नाला जोडून लिहितो.

27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन बोइंग 747 विमाने एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे मेली. धुके, गर्दी, संदेशांमधला गोंधळ अशी कारणे अनेक होती. पण उड्डाण सुरू केलेल्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरला समोरचे विमान अजून धावपट्टीवर असावे अशी शंका आली होती, त्याने ती बोलूनही दाखवली होती आणि अतिशय अनुभवी कॅप्टनने ती बाजूला सारली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एका विमानाचे इंधन संपले, कारण सगळ्यांचे लक्ष चाकाच्या बिघाडात गुंतले होते आणि इंधनाबद्दल सहकाऱ्यांनी दिलेली सूचना कॅप्टनपर्यंत पुरेशा जोराने पोहोचली नाही. ही माणसे घाबरट नव्हती, उलट त्यांची निवड अत्यंत काटेकोर होती. 1979 मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून आणि नंतर विमान कंपन्यांच्या वर्गांतून कनिष्ठाने शंका कशी मांडायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची, हे पद्धतशीर शिकवायला सुरुवात झाली.

शल्यक्रियेतही तेच झाले. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची तपासणी यादी आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहिली, त्यांत दिल्लीही होती, आणि मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. त्या यादीत एक ओळ अशी आहे की, चीर देण्याआधी सर्वांनी आपले नाव आणि काम सांगावे. मला ती ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या परिचारिकेने एकदा सर्वांसमोर आपले नाव उच्चारले आहे, तिला दहा मिनिटांनी ‘सर, थांबा’ म्हणणे थोडे सोपे जाते.

केगाव

सर्वांचे वाचले. सातरस्ता, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, जे बाजूला झाले त्यांच्याबद्दल कोणी काही ठरवत नसे, ते केवळ निघून जात. त्यांपैकी काही जण चांगले अंमलदार झाले असते, हे शक्य आहे.

मात्र निवडीचा मुद्दा मी सोडणार नाही. बंदोबस्तात शेजारी कोण उभा आहे यावर माझा जीव अवलंबून असतो आणि काही माणसे कितीही शिकवले तरी जमाव पाहून आक्रमक होतात. घाबरणाऱ्यापेक्षा मला त्यांची भीती जास्त वाटत असे. निवड करताना भित्रा कोण हे पाहण्यापेक्षा, चटकन भडकणारा कोण हे पाहावे, असे माझे अनुभवाचे मत आहे. ड्यूटीच्या तासांबद्दल म्हणाल तर मुंबईत 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा आमच्यातल्या अनेकांना तो चालणार नाही असे वाटले होते. ज्यांनी ती ड्यूटी केली ते अंमलदार तिच्याबद्दल समाधानाने बोलत असत, एवढे मी स्वतः ऐकले आहे.

दोन_पिवळे

काका, भडकणाऱ्याबद्दलचा मुद्दा फार मोलाचा आहे. रेल्वेत चालकांच्या मानसक्षमतेची चाचणी घेतली जाते, पण ती प्रशिक्षणाऐवजी नसते, प्रशिक्षणाच्या आधी असते. आणि त्यानंतरही ठरावीक वर्षांनी भुसावळच्या प्रशिक्षण संस्थेत उजळणीसाठी जावेच लागते. निवड एकदाच होते, उजळणी मात्र निवृत्तीपर्यंत सुटत नाही.

अबोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण पुढच्या महिन्यात नवी तुकडी येते आहे आणि मला त्यांच्यासाठी आराखडा द्यायचा आहे.

वार्षिक व्याख्यानाऐवजी आठवड्यातून एकदा, प्रत्यक्ष कॅज्युअल्टीतच, पाळी बदलताना दहा मिनिटांचा सराव घ्यावा असे ठरवले आहे. हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचे (सीपीआर) कौशल्य शिकवल्यानंतर काही महिन्यांतच ओसरू लागते, त्यामुळे वर्षातून एकदा दिलेले प्रमाणपत्र पुरेसे नाही. सरावात पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलणे हे तर असेलच. पण पुकारण्याची पद्धतही आणणार आहे. डॉक्टरांनी ‘ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम’ म्हटले की परिचारिकेने ते परत म्हणायचे, औषध दिल्यावर ‘दिले’ असे सांगायचे आणि वेळ लिहिणाऱ्या मुलीने ती वेळ मोठ्याने वाचायची. दोन_पिवळे यांनी सांगितल्याप्रमाणे मी शब्द ऐकणार नाही, परिचारिकेने ॲम्प्यूलवरचे नाव वाचले का, ते पाहीन. प्रत्येक सरावात एक मुद्दाम चुकीचा आदेश असेल आणि तो अडवणाऱ्या मुलीचे सर्वांसमोर नाव घेतले जाईल.

एक शंका उरते. वरिष्ठ डॉक्टर सरावाला आलेच नाहीत तर चुकीचा आदेश अडवण्याचा सराव केवळ आमच्या आमच्यातच होईल आणि त्याचा उपयोग निम्मा राहील. त्यांना कसे आणावे?

रात्रपाळी

वरिष्ठांच्या आधी रेसिडेंटना बोलवा, आम्ही येऊ. पाळी बदलताना सकाळी आठ वाजता आम्ही तिथेच असतो. फक्त रात्रपाळी संपवून निघालेल्यांना थांबवू नका, येणाऱ्या पाळीला घ्या.

धावपट्टी

आणि तो चुकीचा आदेश विभागप्रमुखांनी स्वतः द्यावा, अशी त्यांना आधी भेटून विनंती करा. विमानाच्या सिम्युलेटरमध्ये कॅप्टनला मुद्दाम चूक करायला सांगतात, तेव्हा सहवैमानिक खऱ्या अर्थाने बोलायला शिकतो. बहुतेक वरिष्ठांना ही भूमिका सांगितली की ते नकार देत नाहीत, कारण ती शिकवण्याची भूमिका आहे.

अबोली

हे फार उपयुक्त आहे. विभागप्रमुखांची वेळ सोमवारी मागते आणि पहिल्या सरावानंतर काय घडले ते याच धाग्यावर लिहिते. जकार्ड, तुमच्या कारखान्यातला सराव झाला तर तुम्हीही अवश्य लिहा.